नळी तर साफ आहे!

आमच्या भाऊजींइतका हुशार पेशंट नागपूरच्या धंतोलीतल्या डॉक्टरांनी पाहिला नसेल, हे आधीच सांगून ठेवतो. अँजिओप्लास्टी झाली, स्टेंट बसला. डॉक्टरांनी बजावलं, "रक्त पातळ ठेवायची गोळी एक दिवसही चुकवू नका. स्टेंटमध्ये गुठळी झाली तर जिवावर बेतेल." भाऊजींनी मान डोलावली आणि दोन महिन्यांनी गोळी बंद केली.

ताई घाबरली. "काहून जी?"

"काही त्रासच नाही ना मले. नळी साफ आहे!"

आता हा माणूस कोराडीच्या वीज केंद्रातून रिटायर झालेला. तिथे आयुष्यभर एकच काम केलं. बॉयलरच्या नळ्यांत थर साचू नये म्हणून पाण्यात रोज औषध सोडायचं.

दुसऱ्याच दिवशी त्यांचा जुना ज्युनिअर भेटायला आला. भाऊजींनी त्यालाही ऐटीत तेच ऐकवलं.

तो चहा फुंकत म्हणाला, "साहेब, नळ्या साफ आहेत तं औषध काहून टाकायचं, असं मी एकदा विचारलं होतं. तुम्ही म्हटलं, औषध रोज पडते म्हणूनच साफ आहेत. अन् मंग साऱ्या शिफ्टसमोर मले काय म्हटलं होतं?"



"काय म्हटलं होतं जी?" ताईनं विचारलं.

"गधा," भाऊजी पुटपुटले.

ताई उठली. गोळी आणि पाण्याचा ग्लास त्यांच्यासमोर ठेवून म्हणाली,

"साहेब असाल तं घ्या. नाही तं राहू द्या."