येणार असाल तर एक दाबा

थांब, थांब — परत वाच. कुणाचं नाव निघालं म्हणालीस? आसेन दिमोव. वय चौतीस. मुक्काम स्पेन. आई नेद्का दिमोवा, पक्षाची जुनी कार्यकर्ती — हो बाई, मीच ती, आणखी कोण असणार! बस. त्या खुर्चीत नको, तिचा पाय हलतो, इकडे बस. चेरीचा मुरंबा घे चमचाभर, वर पाणी पी. सोफियाहून एवढी आलीस, तोंड गोड केल्याशिवाय सोडते की काय मी? तर तिकीट आणलंयस. विमानाचं. मतदानाच्या आदल्या शनिवारी आसेन गाडीतून उतरणार, मी फाटकात उभी, तो मला मिठी मारणार, उमेदवारसाहेब शेजारी फुलं घेऊन, आणि तुमचा माणूस फोटो काढणार. तो बघून गावातल्या सगळ्या आया डोळे पुसत मतदानाला निघणार. छान आहे. खोटं कशाला बोलू, कल्पना छान आहे. मला सुचली असती तर मीच कळवली असती.

हसू नकोस, खरंच सांगते. तुमच्या त्या टॅबलेटमध्ये आमच्या गावाचं जे काही आहे ना, ते माझ्या वहीतून गेलंय. बावीस वर्षं, रालित्सा! कुणाचा वाढदिवस कधी, कुणाला थंडीत सरपण हवं, कुणाच्या गोळ्या संपत आल्यात, कुणाची सून कुणाशी बोलत नाही — सगळं. आणि मेलेली माणसं? ती तर मी नगरपालिकेच्या आधी खोडायची. रोज सकाळी पावाला निघाले की वाटेत बस थांबा, चर्चचं दार, विजेचे खांब — जिथे जिथे लोक आपल्या गेलेल्या माणसाचा काळ्या चौकटीचा कागद लावतात, तिथे तिथे थांबायचं. फोटो बघायचा, नाव वाचायचं, छातीवर क्रॉस करायचा, आणि पेन्सिलीने वहीत रेघ. का? तर एकदा काय झालं, माझ्या आधीच्या बाईने गेनोला वाढदिवसाचं पत्र धाडलं — बरोबर तो गेल्याच्या चाळिसाव्या दिवशी. घरात उकडलेले गहू वाटतायत, पाहुणे बसलेत, आणि पोस्टमन उभा. दीर्घायुषी व्हा म्हणे! त्याची बायको पत्र घेऊन कचेरीत आली आणि टेबलावर थुंकली. ते घर गेलं ते गेलंच, सात मतं. तेव्हापासून मी कानाला खडा लावला. माझ्या यादीतून मेलेल्या माणसाला पत्र जाणार नाही. आणि गेलं नाही. विचार कुणालाही.

घे ना मुरंबा. नुसती बघतेस काय.

बरं, ते पत्र आठवतंय तुला, मागच्या वर्षीचं? परगावी गेलेल्या पोरांना धाडलेलं — 'तुझी खोली तशीच आहे, आई फाटकापाशी उभी आहे, घरी ये.' तुमच्याकडच्या कुठल्या शिकलेल्या माणसाने लिहिलंय असं सगळ्यांना वाटतं. मी लिहिलंय ते. ह्याच टेबलावर, घेवडा निवडता निवडता. मीच म्हटलं होतं, यादीत परदेशी गेलेल्यांची वेगळी खूण करा, त्यांच्या आयांना गाठा, आई आली की बाप येतो, आजी येते. तुम्ही नुसतं वर नाव छापलंत. आणि यादीत त्याचा पत्ता इथलाच, तेव्हा एके दिवशी पोस्टमन ते मलाच देऊन गेला. 'प्रिय आसेन.' माझेच शब्द, गं. माझेच शब्द, आणि मी ते दारातच पुन्हा पुन्हा वाचलं.

नाही, रडत नाही. कांदा चिरत होते मघाशी.

तू म्हणालीस मशीनने निवडला. साडेतीनशे पोरांतून एक. कारण काय, तर त्याच्याइतकं उत्तर कुणीच देत नाही. पत्र परत येत नाही, फोन बंद लागत नाही, दर महिन्याला तुमचा निरोप जातो — 'मतदानाला येणार का? येणार असाल तर एक दाबा' — आणि त्याचं लगेच एक येतं. बाकीची पोरं बघतसुद्धा नाहीत. हा मात्र गुणी! शंभरातले अठ्ठ्याण्णव गुण म्हणालीस ना? शाळेत कधी साठाच्या वर गेला नाही मेला.

मेला. बघ, जिभेला हाड नाही.

तो फोन बघ तिकडे, खिडकीत, चार्जिंगला. निळ्या कव्हरचा. उचल. उचल ना, चावत नाही. त्याचाच नंबर आहे, इथला, जाताना घेऊन गेला होता. मीच परत आणला. दोन वर्षं झाली — बांधकामाच्या परांचीवरून पडला, चौथ्या मजल्यावरून. त्याच्याबरोबरच्या माणसाने कळवलं. गावात सांगितलं, लेकाकडे चाललेय, हवापालट. परत आले तर शेजारीण म्हणते, कसाय आसेन? आणि माझ्या तोंडून निघालं — बराय. जाड झालाय. एकदा म्हटलं की झालं, मग रोज म्हणावं लागतं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण मूठ झाकून झाकून बोटं आखडतात गं! शनिवारी मृतांसाठी गहू उकडते तेव्हा दोन वाट्या भरते. लोकांना वाटतं, एक नवऱ्याची आणि दुसरी सासूची. सासूची! जिवंतपणी तिला पाणी विचारलं नाही मी.

आणि तो निरोप यायचा. अख्ख्या जगात तेवढं एकच कुणीतरी त्याला विचारत होतं — येणार का? मग मी काय दाबणार होते? सांग ना. तुझ्या आईने काय दाबलं असतं?

नको, हात नको धरूस. तिकीट पिशवीत घाल. दुसऱ्या कुणाच्या पोराला द्या — त्स्वेतानाचा धाकटा आहे जर्मनीत, लाजाळू आहे पण आईला मिठी मारेल. आणि हे घे, वही. राहू दे तुझ्याकडे. ज्या बाईने एक नाव खोडलं नाही, तिच्या वहीचा काय भरवसा? शेवटचं पान उघड. ती रेघ तूच मार. माझ्याच्याने नाही होत, दोन वर्षं पेन्सिल टोकदार करून ठेवते नुसती.

मारलीस?

बरं. आता त्या कपाटातला वरचा खण. पिठाच्या डब्याखाली काळ्या चौकटीचा कागद आहे, घडी न घातलेला. परत आले त्याच आठवड्यात छापून आणला, दुसऱ्या गावात जाऊन. फोटो चांगला निघालाय ना? हसतोय. तुझ्या पिशवीत उमेदवाराचे फलक आहेत, म्हणजे चिकटपट्टीही असणार. जाताना फाटकावर लाव. बाहेरच्या बाजूला, डोळ्यांच्या उंचीवर, आणि सरळ लाव गं — तुम्ही लोक नेहमी तिरकं लावता. शेजारीण विचारेल. विचारू दे.

जा आता. कडी लावू नकोस, माणसं येतील.