पहिलं पाणी समोरच्यांच्या गुरांना

...छे छे, उठायचं नाही हं जेरोतिचबाई, हा तर कॉफीचा पहिलाच फेर झाला! तिन्ही फेर व्हायच्या आत पाहुणी उठली, तर घरच्या बाईचं काहीतरी चुकलं असं धरतात आमच्या अदिस अबाबात – आणि माझं तसंही हल्ली काय चुकत नाही? बसा. लाह्या घ्या. धूप जास्त झाला का? आत सोलियाना बाळाला ठसका तर नाही ना लागायचा? थांबा, बघून येते – झोपलीय. श्वास चालू आहे. हसू नका, दिवसातून कितीदा बघते ते सांगितलं तर नैरोबीला जाऊन सगळ्यांना सांगत सुटाल. दागमावी येईलच एवढ्यात. त्यालाच भेटायला आलात ना? नाही? बरं. नाही तर नाही.

फोटो पाहिला मी. म्हणजे, अख्ख्या शहरानं पाहिला. सीमेवरच्या पाण्याच्या कराराआधीचं ते जेवण – मागे इथिओपियाचा झेंडा, केनियाचा झेंडा, मधे तुम्ही, आणि माझा नवरा तुम्हाला घास भरवतोय. आता मानाच्या पाहुण्याला आपल्या हातानं भरवायचंच असतं, आमचा रिवाजच आहे तो, त्यात काय एवढं – आणि एकच घास भरवला तर भांडण होतं, म्हणून दुसराही द्यायचा – हे सगळं मी शेजारणीला समजावून सांगितलं, तिनं विचारलं नव्हतं तरी. पण हनुवटीवरचा रस्सा पुसायचा रिवाज कुठला हो? हो, पुसलात तुम्हीच, त्यानं नुसता रुमाल दिला – दिसलं मला. फोटो मोठा करून पाहिला ना. मला शेवटचा घास कधी भरवला त्यानं? बाळंतपणात. आणि तोही एकच – फोन वाजला म्हणून उठला तो.

घ्या, दुसरा फेर. जरा पातळ असतो हा. तुम्ही चहावाली माणसं, तुम्हाला हाच बरा वाटेल.

बरं, घासाचं सोडा. टीव्हीवर तुम्ही काय म्हणालात? 'सीमेच्या दोन्ही बाजूंना एकेक विहीर, आणि प्रत्येक विहिरीचं पहिलं पाणी समोरच्यांच्या गुरांना – ही दागमावींची सुंदर कल्पना.' दागमावींची! अहो, तो तिकडे सीमेवर, मोयालेला एक रात्र राहिला असेल, तीही हॉटेलात. सातव्या महिन्याचं पोट घेऊन त्या धुळीत बायकांमध्ये बसले होते मी. गुरं चोरली म्हणून बंदुका निघतात, पण पाण्यावर येताना मात्र पोरीबाळी येतात – त्यांचंच पाणी समोरच्यांच्या हातात दिलं तर गोळी कोण झाडेल? हे मी म्हटलं. तिथे. पाय सुजले होते, बूट काढून म्हटलं. मग सोलियाना झाली, बोलण्यांतली माझी खुर्ची त्याच्याकडे गेली, खुर्चीबरोबर कल्पनाही गेली. मी तक्रार करत नाहीये. कुणी सांगावं, मीच कदाचित अर्धवट म्हटलं असेल आणि त्यानं नीट मांडलं असेल. माझं हल्ली दोन दुपट्यांच्या मधे वाक्यही पुरं होत नाही. आणि तुम्ही अशा इस्त्रीच्या कपड्यात बसता त्याच्याशेजारी – माझ्या खांद्यावर बघा, सकाळचं दूध वाळलंय – मग वाटतंच ना बाईला. वाटलं. आता म्हणून टाकलं. उठायचं तर उठा.

काय?

थांबा, परत सांगा. मोयालेच्या पाण्यावरच्या त्या म्हाताऱ्या गलमोनं विचारलं? 'ती पोटुशी पोर कुठाय' म्हणून? हो, मीच ती. तुम्हाला माहीतच नव्हतं? मागच्या आठवड्यातच कळलं? म्हणजे कल्पना माझी हे तुम्हाला – बरं. मग? संयुक्त समितीवर आमच्या बाजूनं मी हवी, असं तुमच्या लोकांनी कळवलं? मला कुणीच काही – दोनदा? आणि उत्तर काय गेलं?

'बाळ लहान आहे, तिची इच्छा नाही.'

कुणी दिलं?

नाही, सांगा. नाव सांगा. मान खाली घालू नका, कॉफीकडे बघू नका. सांगा.

हं.

आणि मी इथे तुमच्या हनुवटीकडे बघत बसले होते. किती मूर्ख असावं बाईनं!

पण मी तुमच्याबरोबर मोयालेला येऊ कशी हो? अंगावर पिते अजून ती. तिकडची धूळ, ते ऊन, दवाखाना लांब – हो, पोटात असताना आली होती, ते खरं. गलमोच्या लेकीसुना पाठीशी पोर बांधूनच पाणी ओढतात, तेही खरं. भीती वाटते मला. भीती वाटते म्हणजे इच्छा नाही असं कुणी ठरवलं? उद्या गाडी कधी निघते? पहाटे? बरं. निघते तर निघू दे. येणार आम्ही दोघी.

हा घ्या तिसरा फेर. आशीर्वादाचा असतो. आणि थांबा, आतून रस्सा-भाकरी आणते. हं, तोंड उघड जेरोतिच – हो, तूच, आता कसलं अहोजाहो! मोठं उघड. हं. आता हा दुसरा. लागू दे हनुवटीला, मी पुसते.

फाटक वाजलं. तू बस, अजिबात उठू नकोस.

ये दागमावी. नाही, बूट नंतर काढ, आधी हात धू आणि आतून पोरीला घे. मला बॅग भरायचीय. कॉफी? संपली रे. तिन्ही फेर झाले.