हेमासाठी धरून ठेवलेलं जुनं व्हर्जन

भांडकुदळ माणसं परवडली रे! परवा आमचा सर्व्हर अडकवला तो दोन समजूतदार माणसांनी. अंबरनाथच्या एका कारखान्याची हजेरी आमच्याकडे चालते. जुना सर्व्हर सकाळी बंद केला आणि नवा उभा करणारा कोड चालवला. अर्धा कोड माझा, अर्धा माझ्या सहकारी हेमाचा. तो मध्येच थांबला. एकाच लायब्ररीचं, म्हणजे आयत्या कोडच्या संचाचं, माझ्या भागाला जुनं व्हर्जन हवं, हेमाच्या भागाला नवं. तिकडे हजेरी लागेना म्हणून गेटवर कामगार ताटकळलेले.

मी म्हटलं, "हेमा, तू नव्यावर कधी गेलीस? तुझं जुन्यावर चालतं म्हणून तर मी जुनं धरून बसलोय."

"काय बोलतोस? तुला नवं पाहिजे होतं म्हणून मी माझं सगळं बदललं!"

मी माझ्या भागातली जुन्या व्हर्जनची अट काढली, सर्व्हर उठला, माणसं आत गेली.

दुपारी आम्ही नेहमीसारखा तिचा डबा वाटून खात होतो. मला राहवलं नाही. "हेमा, ही मिळमिळीत भाजी तुला खरंच आवडते?"

तिचा घास हातातच राहिला. "मला? अरे, तिखट तुला सोसत नाही ना?"

मी उठलो आणि खालच्या वडापाववाल्याकडून मूठभर तळलेल्या मिरच्या घेऊन आलो.