तो गवंडी मीच

डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्यामागे दोन म्हातारे गवंडी बोलत बसले होते.

“पेपरात तुझ्या लेकीचा फोटो कसला रे?”

“वीज कंपनीत आहे ना ती. नव्या घरांत वीज कमी लागते, त्याचं श्रेय कंपनीला मिळवून दिलं तिनं.”

“कंपनीला कशाला? घरं तशी बांधायची, हा तर सरकारचा नियम!”

“सुनावणीत वीज आयोगाच्या साहेबांनीही तेच विचारलं. ती म्हणाली, नियम कागदावरच होता. उष्णता अडवणारी भिंत कशी बांधायची, ते कंपनीनं गवंड्यांना शिकवलं. मग एकाच गवंड्याची शिकण्याआधीची आणि नंतरची घरं नियमात बसतात का, ते मोजून दाखवलं.”

“कुणाची?”

“माझी. आधीची सगळी नापास, नंतरची पास.”

“भर सुनावणीत बापाची अब्रू काढली?”

“अरे, मी तिथंच होतो. उठून उभा राहिलो आणि म्हटलं, साहेब, तो गवंडी मीच. आणि ही माझी मुलगी.”