राहू दिलेली होडी

तासगावच्या दवाखान्यात मी बाळाच्या लसीसाठी थांबले होते. मागच्या बाकावर एक म्हातारं जोडपं हळू आवाजात भांडत होतं.

"आवं, आपल्या शिवतेजनं जुळवाया घेतलेलं प्लास्टिकचं इमान मोडलं कसं?"

"मोडायचं न्हवतं गं. चिकटवलेली होडी परत काढाया गेलो."

"चिकटवली कुणी?"

"मीच. पोराचा फोन न्हाई, रिकामा जीव खात बसलो हुतो. पाण्यावर उतरणारं इमान, चाकाच्या जागी दोन होड्या. त्यातली एकच लावायची राहिलीवती. म्हटलं, लावून टाकू."

"राहिली न्हवती, त्यानं राहू दिलीवती. बॉर्डरवर जाणाऱ्यानं काम अर्धं ठेवायचं, मग माणूस ते पुरं कराया माघारी येतो. तुमी फौजेत हुतासा तवा गोठ्याचं कवाड रंगवताना एक फळी कोरी ठेवून जायचासा की."

"प्लास्टिकच्या खेळण्याचं तसलं ध्यानात आलं न्हाई."

"खेळणं म्हणं! लढाईतलं जुनं इमान म्हणून किती हुडकून आणलंतं त्यानं."

"ध्यानात आलं तवा वढली. जुनं प्लास्टिक, पंख बी संगं आला."

"काय केलंसा हे!"

"आता परत अर्धंच झालं की मग."

"अर्धं ठेवणं येगळं. मोडणं येगळं."

"व्हय. सूनबाईला तेवढं कळू देऊ नगंस."

"तुकडं तिनंच येचलं. तवापासनं फोनकडं बघायची बंद झालीया ती."