गिटारवाल्याचे केस

पुंडलिकनगरात पाण्याच्या टँकरच्या रांगेत उभ्या असलेल्या मृण्मयीच्या पुढंच, टोपी कानापर्यंत ओढलेले एक आजोबा बायकोला तावातावानं सांगत होते.

“बहात्तरच्या दुष्काळातबी काय ऐट होती आपली! माझ्या बेलबॉटमनं गुलमंडीचा अख्खा बाजार झाडून निघायचा. खांद्यापर्यंत केस, गळ्यात गिटार!”

“वाजवता यायची?”

“वाजवायची कशाला? गळ्यात असली की बस!”

“मग केस का कापले?”

“लग्न ठरलं ना. म्हटलं, असले केस बघून पोरगी नाय म्हणायची.”

“अहो, फोटोतले केस बघूनच तर मी हो म्हटलं होतं!”

“आँ? मग मांडवात बोलली का नाहीस?”

“अंतरपाट निघाला तेव्हा वाटलं, नवराच बदलला. मंगलाष्टकं झाल्यावर काय बोलणार?”

“मग आता वाढवू का?”

“आधी टोपी तर काढा.”