डाव्या बाजूचं वजन

(नाशिक रोड, १९७८. रविवारची सकाळ. वसाहतीतल्या एका क्वार्टरसमोर जुनी मोटार उभी आहे. कचेरीत हेडक्लार्क असलेले रंगनाथराव, त्यांची बायको मालनबाई, आणि देवळालीच्या लष्करी वर्कशॉपातून रिटायर झालेला शेजारी सहादू.)

रंगनाथ : तू नुसता जॅक लाव, सहादू. निदान मी आधीच केलंय. गाडी डावीकडे कलते, कारण डावीकडे ही बसते.

मालन : ऐका, सहादूभाऊ! दिवाळीपासून हेच चाललंय. अख्ख्या वसाहतीला सांगून झालं, तुम्हीच तेवढे राहिला होतात.

रंगनाथ : खोटं आहे का? ही बसली की मागून खण्णकन आवाज. भाराचं शास्त्र असतं त्याला.

सहादू : शास्त्र! पंचवीस वर्सं मिल्ट्रीच्या गाड्यांखाली पाठ घासली, साहेब. बायको बसली म्हनून कललेली गाडी नाय पाहिली.

रंगनाथ : ट्रकवरची अक्कल इथे चालवू नकोस. ही मोटार आहे.

सहादू : बरं. मोटारीत आत्ता कोन बसलंय?

रंगनाथ : कोणी नाही. दिसत नाही का तुला?

सहादू : अन् वैनी कुठं हायेत?

मालन : मी ओट्यावर तांदूळ निवडतेय.

सहादू : मंग ह्ये बघा. उजवीकडं चाकापासून मडगार्डपत्तर एक वीत अन् चार बोटं. डावीकडं वीतसुदिक पुरी बसंना. गाडी रिकामी हाय, तरी कललीय. आता कुनाचं वजन म्हनता?

रंगनाथ : ती बसून बसूनच तशी झाली असणार.

मालन : बसून बसून? सहा महिन्यांत पाय तरी ठेवू दिलात का गाडीत? पुतणीच्या लग्नाला तुमच्या बहिणीला, कुसाअक्कांना शेजारी बसवून नेलंत. त्या माझ्या दीडपट! तेव्हा नाही कलली वाटतं? मी मागून एसटीनं आले, रुखवताचा डबा मांडीवर घेऊन. उद्या सिन्नरला आपल्या लेकीच्या, लताच्या बाळाचं बारसं, तरी मी एसटीनंच यायचं म्हणे.

रंगनाथ : गाडी जपावी लागते. फुकट नाही आली.

मालन : मीच काय ती फुकट आले. सहादूभाऊ, भात सोडला मी. एका भाकरीवर दिवस काढले. बायका विचारायच्या, आजारी आहात का म्हणून. काय सांगणार? नवऱ्याची गाडी कलते म्हणून उपाशी राहते?

सहादू : थांबा वैनी. उजव्या चाकाला दगड लावलाय, आता उचलतो. हां... चाकावर ह्या लोखंडी पाट्यांची कमान अस्ती, समदा भार हिच्यावर. अन् हिला ह्ये काय गुंडाळलंय?

रंगनाथ : ते राहू दे! सोडू नकोस. ग्रीस लावून नीट बांधलंय.

सहादू : कुनी बांधलं?

रंगनाथ : कुणी म्हणजे... कुरकुरायचं ते.

सहादू : कुरकुरीला एवढ्या गाठी? वैनी, विळी द्या जरा... अरारारा! मोठा पाटाच मोडलाय, साहेब. सरळ दोन तुकडे. खालच्या पाट्यावर तगलीय गाडी. अन् मोडलेल्या जागी गंज बघा, लय जुना हाय. बांधनाऱ्याला दिसलं नसंल असं व्हायचंच नाय.

मालन : ती चिंधी द्या इकडे.

सहादू : हात भरतील, वैनी.

मालन : भरू द्यात. हा जांभळा काठ... माझ्या येवल्याच्या लुगड्याचा आहे. बाळाच्या दुपट्याला ठेवलं होतं. धनत्रयोदशीला ट्रंक उघडली तर गायब. गोजराबाईवर आळ घेतला मी. बिचारी रडत धुणं सोडून गेली. आणि तुम्ही खुर्चीत पेपर वाचत होतात!

रंगनाथ : जुनेर होतं गं. हाताशी दुसरं काही नव्हतं.

मालन : म्हणजे पाटा मोडलाय हे दिवाळीआधीच ठाऊक होतं तुम्हाला.

रंगनाथ : दसऱ्याला घेतली गाडी. पारखून घेतली म्हणून कचेरीत पेढे वाटले. महिन्याच्या आत पाटा मोडका निघाला, असं कुठल्या तोंडानं सांगू? लोक हसले असते मला.

मालन : म्हणून माझं हसं केलंत. शी!

सहादू : साहेब, वर्कशॉपात कुनी मोडका पाटा झाकून गाडी सोडली तर कैदेत टाकायचे. तुमी तर त्यावर घरच्या बाईचं नाव घातलं. घाटात सुटला आस्ता म्हंजे कळलं आस्तं शास्त्र. माज्याकडं एक पाटा पडलाय, मापाचा वाटतोय. दुपारपत्तर बसवतो. तुमच्यासाठी नाय, वैनींसाठी.

रंगनाथ : झालं तर मग! मालन, उद्या पुढे बस, माझ्या शेजारी. काच खाली करून देतो.

मालन : मी एसटीनं जाईन.

रंगनाथ : आता का? गाडी नीट होतेय ना?

मालन : कंडक्टर कुठं जायचं एवढंच विचारतो. आणि आज संध्याकाळी गोजराबाईच्या दारी जायचंय मला, पायी. हा काठ दाखवायला.

रंगनाथ : वसाहतीत तमाशा करशील माझा.

मालन : माझा झाला तेव्हा नाही आठवलं? सहादूभाऊ, पाटा बसला की हात धुवून आत या. आज भात टाकतेय. दोन पानं वाढते, तुमचं आणि माझं.